डाव्या हाताची दीक्षा

ऐका, मी पायलच्या गळ्यातला स्कार्फ बोलतोय. आवाज जरा चढा लागेल, वाईट वाटून घेऊ नका. गप्प बसायचे माझे दिवस कपाटातच सरले.

जन्म माझा उल्हासनगरचा. मुकेश टेलरच्या कारखान्यात चहूकडे जीन्सचे ढीग आणि त्यात मी एवढासा तांबडा तिकोनी तुकडा. ना खिसा, ना चेन, ना बटण! जीन्स मला खुशाल हसायच्या. हसा म्हटलं, तुम्हाला कुणी वचन घेऊन घालत नाही.

तिथून मी बदलापूरला आलो, बेलवलीतल्या एका शाळेच्या गाइड कंपनीत. कंपनी म्हणजे कारखाना नव्हे हो, स्काउटसारखी मुलींची तुकडी. तिथला रिवाज कडक. वचन घेतल्याशिवाय मी कुणाच्या गळ्यात पडायचं नाही. पायल रोज कपाटाच्या काचेतून मला बघून जायची.

दीक्षेच्या दिवशी मुली अर्धगोल करून उभ्या राहिल्या. पायलने तीन बोटं वर करून न अडखळता वचन म्हटलं. कंपनीच्या कॅप्टन मैत्रेयी टीचर, त्यांनी मला तिच्या गळ्यात घातलं आणि आपल्या डाव्या हातात तिचा डावा हात घेतला. होय, डावाच. टीचर सांगतात, लढणारा माणूस ढाल डाव्या हातात धरतो. ढाल खाली ठेवली तरच तो हात मोकळा होतो. म्हणून गाइड डावा हात देते, तो समोरच्यावर पुरता विश्वास टाकून.

पाहुणे होते अनंतराव, शाळेच्या संस्थेतले बडे गृहस्थ. ते अभिनंदन करायला आले. पायलने ऐटीत सलाम ठोकला आणि केला डावा हात पुढे. साहेबांनी आपला हात मागे घेऊन सरळ खिशात घातला. "डावा हात देतात का? घरी हेच शिकवलं?" असं सगळ्यांदेखत म्हणाले. त्यांना रिवाज ठाऊक नव्हता, कबूल. पण विचारायला तोंड होतं ना! पायलने तो हात खाली घेतला आणि माझं टोक घट्ट धरलं.

हेडसरांचा निरोप आला. सोमवारी प्रार्थनेनंतर साहेबांना उजवा हात देऊन माफी मागायची, नाहीतर स्कार्फ परत करायचा. पायलचे पप्पा, महेंद्र, अंबरनाथच्या कारखान्यात कामाला. ते म्हणाले, सॉरी बोलून टाक, विषय संपव, अजून त्याच शाळेत शिकायचंय. पायल मला मुठीत आवळून रडली. माझा तर असा संताप झाला की काय सांगू!

आजी, शालन, भाकरी थापता थापता सगळं ऐकत होती. "महेंद्र, माझ्या आईच्या हातचं पाणी लोक घेत नव्हते," ती म्हणाली. "तिनं कधी त्याची माफी मागितली नाही." सोमवारी सकाळी पप्पांनी स्वतः मला इस्त्री केली.

प्रार्थनेनंतर पायल स्टेजवर गेली. साहेब खुर्चीत होते. हेडसरांनी माफी मागायला सांगितलं.

"हात मी पुढे केला होता, सर," पायल म्हणाली. "घेतला नाही तो साहेबांनी. मग मी माफी कशाची मागू?"

हेडसर लालबुंद झाले, स्कार्फ काढ म्हणाले. पायलची बोटं माझ्या गाठीपाशी आली. तेवढ्यात मैत्रेयी टीचर रांगेतून पुढे आल्या.

"तो मी घातलाय, सर. काढायचा तर मीच काढीन. आणि मी काढत नाही."

खमकी बाई! शाळेने गाइडचा तासच बंद केला. बंद तर बंद. आता आमची कंपनी रविवारी बेलवलीच्या बुद्धविहाराच्या अंगणात भरते. काही मुलींना घरच्यांनी पाठवायचं बंद केलं, त्याचं वाईट वाटतं. पण कुळगावातून नव्या येऊ लागल्यात. माझा रंग उडालाय, घामाचे डाग पडलेत, तरी पायल मला बदलायला तयार नाही.

अनंतराव, जाता जाता तुम्हाला एक सांगायचंय. आम्ही राग धरून बसलेलो नाही. एखाद्या रविवारी या. पायल अंगणाच्या दारातच उभी असते, येणाऱ्याला सलाम करून हात देते. तुम्हालाही देईल. डावाच देईल.