मोरीजवळची राख

काचेच्या इतिहासात देऊळघाटचे नाव सुवर्णाक्षरांनी लिहिले जाईल. सध्या ते कुठल्याच अक्षरांत लिहिलेले नाही, म्हणून ही सुरुवात.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. बाहेरगावच्या काचकारखान्यात फुंकणी फुंकून निवृत्ती गावी परतला आणि थोरल्या भावाच्या, हिंमतरावांच्या, गोठ्यात त्याने भट्टी घातली. बैल निंबाखाली गेले. निवृत्तीचे म्हणणे असे की कारखाने ज्यासाठी वॅगनी मागवतात ते इथे नुसते पडले आहे: पैनगंगेची वाळू, लोणारच्या तळ्याचा खार आणि राख. हिंमतरावांनी मुदत दिली. अक्षय तृतीयेपर्यंत घरच्या दोन कंदिलांना काचा झाल्या पाहिजेत, नाहीतर भट्टी मोडून बैल आत.

कापसाच्या पऱ्हाटीच्या राखेची काच हिरवी निघाली. तुराट्यांची आणखी हिरवी.

"काऊन बे, कंदिलाले टरबुजाची साल लावू काय?" हिंमतराव म्हणाले.

मग निवृत्तीने वहिनींकडे, अन्नपूर्णाबाईंकडे, राख मागितली. त्यांनी घमेलेभर दिली. फुंकायच्या वेळी अर्धे गाव गोठ्यात होते. निवृत्तीने नळीच्या टोकावर लालभडक गोळा उचलला आणि झोपलेल्या लेकराच्या डोळ्यावरची माशी उडवावी इतक्या हळू फुंकला. काच निवली तेव्हा ती मोराच्या मानेसारखी निळी होती. देऊळघाटात असे होत नसते.

"आता दुसरी काढ," हिंमतराव म्हणाले, पण आवाज मऊ झाला होता. "जोडी पाहिजे."

दुसरी हिरवी निघाली. तिसरीही. तृतीया दारात आली.

"वहिनी, राख तीच देल्ली ना?"

"तीच कशी देईन, भाऊजी? एवढं नाव झालं तुमचं! मंग चांगली देल्ली, वस्त्रगाळ करून. पहिली तं मोरीजवळची होती. चिंच लावून पाण्याचे तांब्याचे गुंड घासते न मी, ती."

निवृत्तीने निळी काच उजेडात धरली. निळा रंग घासताना राखेत उतरलेल्या तांब्याचा होता.

"तीच द्या ना मले."

"उष्टी राख? आता? लोक काय म्हणतीन मले!"

तेव्हा निवृत्तीनेच मोरीवर बसकण मारली. घरचे गुंड संपल्यावर आळीतले आणले. "भाऊजीले सासुरवास लागला वो!" बाया हसत होत्या. हा घासत होता आणि राख गोळा करत होता. गुंडावरचा कळकट थर पाहून ज्याला मोराची मान दिसते, त्याला आम्ही तरी मोठाच मानतो.

तृतीयेच्या सकाळी दुसरी काच निघाली. तीच निळाई, तोच घाट. हिंमतरावांनी गव्हाण उचलून निंबाखाली नेली. भट्टी राहिली.

संध्याकाळी दोन्ही कंदील लावले. निळ्या उजेडात तुरीच्या डाळीतले खडे दिसत नाहीत. म्हणून अन्नपूर्णाबाई टिनाच्या उघड्या चिमणीच्या उजेडात स्वयंपाक करतात. चिमणीला काच लागत नाही.