सूप तेच आहे

मी बोलतेय, पण जरा हळू बोलते. मोठ्याने बोलायची मला सवय नाही, आणि दुसरं कुणी मोठ्याने बोललं की मी आधी दचकते. मी एक छोटी पातेली. तांब्याची, लांब पितळी दांड्याची, आतून कल्हई केलेली. दोन वाट्या लोणी मावेल एवढाच माझा जीव. सध्या मी एका चष्मेवाल्यांच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या फळीवर असते. पण माझं आयुष्य गेलं ते हॉटेलात.

दचकण्याचं म्हणाल तर ते जन्मापासूनचं. तांबटाच्या हातोडीखाली जी जन्मली ती आणखी काय करणार? त्याने दांडा बसवला तेव्हा एक खिळा सैलच राहिला. तांबटाने मला कानाशी धरून हलवलं आणि म्हणाला, "राहू दे. पोरीला थोडा आवाज असावा." तेव्हापासून दार आपटलं, ताट पडलं, कुणी शिंकलं, की माझा दांडा खुळखुळतो.

मला विकत घेतलं ते मोठ्या मालकांनी. त्यांचं हॉटेल म्हणजे रस्त्याच्या वळणावरची एक लांबट खोली, मागे स्वयंपाकघर आणि तिथे मावशी. मावशी कुणाचीच मावशी नव्हती आणि सगळ्यांची होती. तिने मला पहिल्यांदा शेगडीवर ठेवलं, तेव्हा मागे कुणीतरी परात आपटली आणि मी थरथरले. मावशी हसली. "अगं बाई! लोणी वितळवायचंय तुला, लढाईवर नाही जायचं."

माझं काम एवढंच. मागच्या शेगडीवर, मंद आचेवर लोणी वितळवून तयार राहायचं. बटाट्याचं सूप वाडग्यात ओतलं की मावशी मला उचलायची आणि वरून एक सोनेरी फेरा सोडायची. हलकासा वास उठायचा आणि बाहेरच्या टेबलांवरचं बोलणं क्षणभर थांबायचं. माणसं कितीही भांडत आलेली असोत, सूप समोर आलं की आधी वास घेतात आणि मग उरलेलं भांडतात. हे मी कित्येक वर्षं ऐकलंय.

दर मंगळवारी दुपारी चष्मेवाले काका आणि काकू यायचे. त्यांचं चष्म्यांचं दुकान मंगळवारी बंद असे. दोघांनाही जाड भिंगांचे चष्मे. सूप आलं की वाफेने दोघांचेही चष्मे एकदम धुरकट व्हायचे आणि काकू म्हणायच्या, "अहो, कुठे आहात?" काका म्हणायचे, "इथेच आहे. तू कुठे गेलीस?" दर मंगळवारी तोच विनोद आणि दर मंगळवारी तेच हसू. आमचा वेटर ते आत येऊन सांगायचा. त्याला सगळे तुफान म्हणत, कारण त्याने जन्मात कधी घाई केली नव्हती.

मग मोठे मालक गेले. हृदयाचा झटका आला. दुपारी गल्ल्यावर बसले होते, तिथेच मान कलंडली. त्या दिवशी मावशीने मला शेगडीवर ठेवलं नाही. दोन्ही हातांत धरून नुसती बसून राहिली.

धाकटे मालक आले. मुलगा वाईट नव्हता हो, हे मी आधीच सांगते. घाबरलेला होता, आणि घाबरलेलं मला लगेच ओळखू येतं. रस्त्याच्या पलीकडे नवीन हॉटेल उघडलं होतं. काचेत हिरवी रोपटी, पांढऱ्या भिंती आणि दारावर मोठी पाटी, 'क्लीन ईटिंग'. आमची गिऱ्हाइकं आमच्याच दारासमोर उभी राहून रस्ता ओलांडू लागली. शेवटी एक दिवस रंगारी आला आणि आमच्या पाटीवर मोठ्या मालकांच्या नावाच्या जागी तोच शब्द लिहून गेला.

"म्हणजे काय रे?" मावशीने विचारलं.

"म्हणजे बटर नाही, क्रीम नाही, मैदा नाही. स्वच्छ, हलकं."

"मग इतकी वर्षं मी काय अस्वच्छ घालत होते?"

"तसं नाही हो मावशी. लोकांना आता तो शब्द लागतो."

"मग वाडग्यात शब्दच वाढ की. सूप कशाला शिजवू?"

धाकटे मालक हसले नाहीत. त्यांनी मला उचललं, आत पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "बाबा रोज ह्यातलंच खायचे ना?"

मावशी बटाटे सोलू लागली. मला त्या प्रश्नाने असा गारवा भरला की आजही आठवला तर कल्हई आखडते. मी खरंच तसं काही केलं असेल का? मला माहीत नाही. मी फक्त वितळवते.

मला सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. खाली सूप होऊ लागलं ते गोणीतल्या कसल्याशा पुडीचं. पाण्यात कालवली की दाट होते. गोणीवर बारीक अक्षरांत इतकं काही लिहिलेलं होतं की वाचता वाचता तुफान दोनदा जांभई देई. त्यावर ओल्या पाल्याची दोन पानं ठेवली की फोटो छान येई. पोरी येत, वाडग्याचा फोटो काढत, अर्धं खात, आणि "किती हलकं वाटतं ना!" म्हणत कोपऱ्यावरच्या तळणवाल्याकडे जात. कुणी विचारलंच तर काय म्हणायचं ते धाकट्या मालकांनी तुफानला पढवून ठेवलं होतं. "सूप तेच आहे, आता क्लीन आहे."

हे वाक्य साधंच वाटतं, नाही? मलाही वाटलं होतं.

त्याच सुमारास काकू आजारी पडल्या. पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काकांना सांगितलं होतं की पुढचा उपचार जड आहे, त्याआधी यांचं वजन वाढलं पाहिजे. जे खाववेल ते खाऊ द्या, लोण्या-सायीला हात आखडू नका. काकूंना घरचं काही जाईना. त्या म्हणाल्या, "मंगळवारचं सूप जाईल मला." म्हणून काका त्यांना हाताला धरून घेऊन आले. वरच्या फळीवरून मी त्यांचा आवाज ओळखला आणि माझा दांडा आपोआप हलला.

सूप गेलं. थोड्या वेळाने काकांचा आवाज आला, "अरे तुफान, सूप तेच ना?"

"तेच काका. आता क्लीन आहे."

"बघ, तेच आहे," काका काकूंना म्हणाले.

मग काकूंचा आवाज आला, इतका बारीक की तसा मी फक्त माझाच ऐकला होता. "मग माझ्याच तोंडाची चव गेली हो."

वाडगा भरलेला परत आला.

पुढचे काही मंगळवारही काकू आल्या. दोन चमचे, मग एक चमचा. सूप तेच आहे, असं सांगितलं होतं ना. मग दोष कुणाचा? माणूस आपल्या जिभेलाच देणार. तुफान आत येऊन सांगायचा की काकू आता घरीही खात नाहीत. "ज्याला चवच लागत नाही त्याच्यापुढे अन्न कशाला वाया घालवता," म्हणतात म्हणे. सांगताना त्याचा चेहरा पडायचा. पण पढवलेलं वाक्य बदलायची त्याची छाती नव्हती. मी त्याला नावं ठेवत नाही. माझी तरी कुठे होती?

मग धाकट्या मालकांनी स्वयंपाकघराची भिंत काढून काच बसवली. आपलं स्वयंपाकघर किती क्लीन आहे ते गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून. पण काचेतून काही एकाच बाजूने दिसत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मावशीला बाहेरची टेबलं दिसली. आणि त्या मंगळवारी तिने पाहिलं की काकूंनी चमचा उचलला, ओठाला लावला, परत ठेवला, आणि काकांना वाईट वाटू नये म्हणून हसल्या. पोलकं खांद्यावरून घसरावं अशा त्या झाल्या होत्या. चष्म्यावर वाफसुद्धा धरली नाही. सूप कोमटच असायचं आताशा, जास्त गरम केलं तर पुडीच्या गाठी व्हायच्या.

स्वयंपाकघरातल्या माणसाने गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही, असा नवा नियम होता. मावशी बाहेर गेली नाही. पुढच्या मंगळवारी घरून डब्यात लोणी घेऊन आली. चार बटाटे खरे उकडले आणि स्टुलावर चढून मला खाली काढलं. माझ्यावर धूळ बसली होती. तिने एप्रनने पुसलं. "दचकू नकोस गं," म्हणाली. "आज काम आहे."

लोणी माझ्यात पडलं तेव्हा मला रडू आलं, ते कुणाला कळलं नाही; रडण्याचा आणि वितळण्याचा आवाज सारखाच असतो.

काचेतून मी पाहिलं. वाडगा गेला. दोघांचे चष्मे धुरकटले. काकूंनी एक चमचा घेतला. थांबल्या. आणखी एक घेतला. आणि मोठ्याने, अगदी मोठ्याने म्हणाल्या, "अहो! आली बघा चव! अहो, कुठे आहात?"

त्या दिवशी वाडगा चाटूनपुसून परत आला. मावशीने तो धुतला नाही लवकर.

असे मोजकेच मंगळवार मिळाले. एका दुपारी काचेपलीकडे एक तरुण मुलगा फोन धरून उभा होता आणि मावशी मला वाडग्यावर तिरकी करत होती. संध्याकाळपर्यंत ते चित्र गावभर झालं. 'बाहेर क्लीन, आत लोणी.' लोक हसले, चिडले, काहींनी शिव्या लिहिल्या. धाकटे मालक स्वयंपाकघरात आले. ओरडतील म्हणून मी आधीच खुळखुळत होते. ते ओरडले नाहीत.

"कुणासाठी होतं हे, मावशी?"

मावशीने सांगितलं. काकूंचं ऑपरेशन, वजन, जीभ, सगळं.

ते स्टुलावर बसले. "मला सांगायचंत."

"आणि तू काय म्हणाला असतास?"

मग त्यांनी मला उचललं, कचऱ्याच्या डब्यात ठेवलं आणि वरून फोटो काढला. आम्ही दोष दूर केला आहे, असं लोकांना दाखवायला. फोटो दोनदा काढावा लागला.

मावशीने एप्रन उतरवला, घडी घालून ओट्यावर ठेवला. डब्यातून मला काढलं. "डबा तुझा, पातेली माझी," म्हणाली, आणि मला काखोटीला मारून मागच्या दाराने निघाली. तुफान तिच्या पिशव्या घेऊन दारापर्यंत धावला. त्याला धावताना मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

ती थेट काकांच्या घरी गेली. काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या. मावशी म्हणाली, "काकू, तुमच्या जिभेला काही झालं नव्हतं. सूपच बदललं होतं. आम्ही तेच म्हणून वाढलं."

काकू आधी हसल्या. "म्हणजे माझी जीभ शाबूत होती तर!" मग हसता हसता गप्प झाल्या. "मी मग उगाचच... इतके दिवस..."

काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मी नीट विचारायला हवं होतं."

मावशीने काकांना सूप शिकवलं आणि मला तिथेच ठेवलं. काका भिंग बसवावं तशा काळजीने लोणी वितळवत. काकू खात होत्या, आवडीने खात होत्या. पण वजनाचा काटा मागे राहिला तो राहिलाच. डॉक्टर म्हणाले, आता पुढचा उपचार सोसायचं बळ शरीरात नाही. त्या गेलेल्या आठवड्यांमुळेच असं झालं का, हे कुणी म्हणालं नाही. मीही म्हणत नाही. फक्त ते आठवडे कुणी परत दिले नाहीत. शेवटी शेवटी काका चमच्याच्या टोकावर माझ्यातलं नुसतं लोणी घेऊन काकूंच्या ओठांना लावायचे. त्या डोळे मिटून म्हणायच्या, "लागते हो चव."

काकू गेल्यानंतरच्या एका मंगळवारी काकांनी सवयीने मला शेगडीवर ठेवलं, खाली जाळ लावला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. लोणी घालायचं विसरले. रिकाम्या पातेलीला जाळ सोसत नाही. लोणी असतं तोवर ते माझी कल्हई सांभाळतं. आतून मी वितळू लागले, चांदीसारखे थेंब तळाशी धावले. वास आला तसे काका दचकले. मी दचकले नाही. तेवढं एकदाच.

परवा मावशी आली होती. मला उलटसुलट करून म्हणाली, "कल्हई नव्याने होते काका. मी नेते तांबटाकडे."

"कुणासाठी आता?"

"तुम्ही जेवत नाही का?" मावशी म्हणाली. "बघा तरी स्वतःकडे. सदरा कुणाचा घातलाय, तुमचाच ना?"

काकांनी सदरा खांद्यावर ओढून घेतला. जाताना तिने मला इथेच ठेवलं, फळीवर, त्यांच्या डोळ्यांसमोर. "तुम्ही म्हणाल तेव्हा नेईन," म्हणाली.

ऐकलंय की वळणावरच्या पाटीवर रंगारी पुन्हा चढला होता. आता म्हणे आणखी नवा शब्द आला आहे. येवो. शब्द येतील नि जातील, मला त्यांचा राग नाही. लोणी खा किंवा खाऊ नका, तेही मी कोण सांगणार? माझी एकच विनवणी आहे, आणि ती मी थरथरतच करते. कुणाच्या वाडग्यातलं काही बदललंत, तर 'बदललंय' एवढं सांगा. 'तेच आहे' म्हणू नका. समोरचं माणूस तुमच्यावर विश्वास ठेवतं आणि स्वतःच्या जिभेवरचा गमावून बसतं.

आज मंगळवार आहे. काका आत्ताच फळीपाशी आले होते. मला हातात घेऊन त्यांनी हलवलं. सैल खिळा खुळखुळला.

"इथेच आहे," ते म्हणाले. मला की आणखी कुणाला, ते मला कळलं नाही. मग त्यांनी जुन्या वर्तमानपत्रात मला गुंडाळलं आणि मावशीला बोलवायला गेले.