पाचूबंदरात धुतलेली मालगाडी

गंज चढवायला मीठ लागतं, हे मला लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर कळलं. आधी मालगाडीच्या इवल्याशा डब्यावर तपकिरी रंग मारायचा. त्यावर आमच्या मुलीचा, अश्लेषाचा, हेअर स्प्रे फवारायचा आणि तो ओला आहे तोवर खडेमीठ भुरभुरायचं. वाळलं की वरून डब्याचा खरा रंग द्यायचा आणि मग ओल्या बोटाने मीठ चोळून काढायचं. मीठ निघतं तिथे खालचा तपकिरी रंग डोकावतो आणि बघणाऱ्याला वाटतं, पत्रा गंजलाय. पत्रा कसला डोंबलाचा, प्लास्टिक ते!

हे उद्योग आमच्या ह्यांचे. चंद्रहास रेल्वेत ट्रेन एक्झामिनर होते. यार्डात मालगाडी आली की डबा अन् डबा तपासायचा, नादुरुस्त असेल तो गाडीतून काढायला लावायचा, हे काम. निवृत्त झाले आणि वसईतल्या आमच्या फ्लॅटची गॅलरी ह्यांनी ताब्यात घेतली. माझ्या तुळशीला स्वयंपाकघराच्या खिडकीत जावं लागलं. गॅलरीत टेबल, टेबलावर भिंग, ब्लेड, चिमटे, आणि खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान मालगाडी. डब्याच्या बाजूवर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी, दिसायला हवेत म्हणून प्लास्टिकच्या पातळ पत्र्याला मागून सुईने टोचत बसायचं. एकेक रिव्हेट! मी भाजी आणायला सांगितली तर मात्र गुडघा दुखायचा.

पाच उघडे डबे आणि शेवटी गार्डाचा डबा, एवढी गाडी करायला ह्यांना दोन वर्षं लागली. वरून वार्निश मारा म्हणजे रंग टिकेल, असं मी एकदा म्हटलं, तर केवढे वैतागले. ‘‘वार्निशने गंज चमकतो. चमकणारा गंज पाहिलायस कधी?’’ मी कशाला गंज बघत बसते?

आता मुद्द्याचं. अश्लेषाला वसईच्याच किनाऱ्यावरच्या पाचूबंदरचा सॅमी आवडला होता. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, स्वतःचं वर्कशॉप आहे, मुलगा सरळ आहे. घर कॅथलिक कोळ्यांचं. आई रोझलीन मासळी विकते, वडील नाहीत. पोरगी आम्हाला न विचारता रजिस्टर लग्न करून मोकळी होऊ शकली असती. पण ती बापाची लाडकी, बाप हो म्हणेपर्यंत थांबते म्हणाली. आणि बाप? वर्षभर एकच शब्द, ‘‘बघू.’’ मी विचारलं तर, ‘‘सावंतवाडीला काय सांगायचं?’’ सावंतवाडीच्या नातेवाइकांनी आम्हाला गेल्या दहा वर्षांत साधा फोन केला नव्हता, पण त्यांची काळजी ह्यांना! माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. पोर हसायची बंद झाली होती.

नाताळच्या आधी सॅमी घरी आला. त्यांच्या वाडीत घरोघरी नाताळचा गोठा करतात, म्हणजे बाळ येशूच्या जन्माचा देखावा. यंदा गोठ्याशेजारी वसई स्टेशन करायचं ठरलं होतं.

‘‘काका, तुमची मालगाडी मिळाली तर देखावा एकदम भारी होईल,’’ तो म्हणाला.

मी म्हटलं, संपलं. ह्या गाडीला मी फडकं लावलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस! पण हे उठून आत गेले, आणि डबे एकेक करून कापसात गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवले. ‘‘रुळावर नीट बसव. ओढू नकोस, ढकल,’’ एवढंच बोलले. अश्लेषाने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

चोवीस तारखेला दुपारी आम्ही तिघं देखावा बघायला पाचूबंदरला गेलो. दारात चांदणी टांगलेली, घर नवीन रंगवलेलं, आत गरम करंज्यांचा वास. रोझलीन नवी साडी नेसून सामोरी आली. ‘‘या, या भाऊ! बाय, ये गो!’’ म्हणत ती आम्हाला थेट गोठ्यापाशी घेऊन गेली.

गवताचं छप्पर, मेंढ्या, गव्हाणीत बाळ. शेजारी पुठ्ठ्याचं वसई स्टेशन. आणि फलाटाला लागलेली आमची मालगाडी. निळी! निळीभोर, वर पिवळा पट्टा, बाहेर किनाऱ्यावर त्यांची होडी उभी होती अगदी तशी. गंज नाही, कोळशाची काजळी नाही. लखलखीत.

मी आधी ह्यांच्याकडे बघितलं.

‘‘हे कोणी केलं?’’ ह्यांचा आवाज बारीक झाला होता. ह्यांचा आवाज चढला तर मी घाबरत नाही, बारीक झाला की घाबरते.

‘‘मी,’’ रोझलीन खुशीत म्हणाली. ‘‘घान किती व्हती भाऊ त्याच्यावर! पोराला म्हटलं, पोरीच्या बापाची वस्त आपल्या दारात अशी ठेवायची? लोक काय म्हनतील? साबनाच्या पान्याने, ब्रशने घासली. थोडा रंग निघाला, मग होडीचा उरलेला लावला. तीन दिवस बसलेय मी.’’

सॅमी कामावरून उशिरा यायचा, त्याला कळलं तेव्हा गाडी निळी होऊन वाळली होती. भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक. आईला बोलावं तर तिचा सण, न बोलावं तर सासरा. कुठे जाणार बिचारा!

‘‘दोन वर्षं,’’ हे म्हणाले. ‘‘दोन वर्षं तो गंज चढवत होतो मी.’’

‘‘चढवत?’’ रोझलीनला आधी समजलंच नाही. समजलं तशी ती लाल झाली. ‘‘भाऊ, आमी जलमभर गंज काढतो. नांगर, साखळी, इंजिन, सगल्याला खारं पानी खातं. ज्याच्या होडीला गंज, त्याच्या घरात आलशी मानसं. आनि तुमी मुद्दाम चढवता?’’ आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘मला कोनी सांगितलं का? मी चांगलं करायला गेले.’’

हे तडक बाहेर निघून गेले. अश्लेषा मटकन खाली बसली. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी ह्यांच्या मागे धावले.

धक्क्याजवळ एका उलट्या टोपलीवर बसले होते. समोर होड्या, नाताळ म्हणून सगळ्या किनाऱ्याला लागलेल्या. नांगरसुद्धा रंगवलेले.

‘‘घरी चल,’’ म्हणाले.

‘‘मी नाही येत,’’ मी म्हटलं. माझाही पारा चढला होता. ‘‘ती बाई सणाची कामं टाकून तीन दिवस तुमचे डबे घासत बसली. मी कधी बसले? मला विचाराल तर मी ते खोकं माळ्यावर टाकलं असतं. आणि काय हो, यार्डात काय करत होतात तुम्ही? असला सडका डबा दिसला की चालू द्यायचात?’’

‘‘चालू कसा देईन? वर्कशॉपला पाठवायचो.’’

‘‘मग?’’

हे समोरच्या रंगवलेल्या नांगराकडे बघत बसले. मग गुडघ्यावर हात देऊन उठले आणि पुन्हा रोझलीनच्या घराकडे चालू लागले. काय मनात आहे ते काही सांगेनात. मी देवाला हात जोडले; कुठल्या ते विचारू नका, तिथे जो जवळ होता त्याला.

आत जाऊन हे गोठ्यासमोर उकिडवे बसले. गार्डाचा डबा उचलून उलटा केला, चाकांवरून नख फिरवलं, डबे जोडायचं कपलिंग हलवून बघितलं. यार्डात असेच बघत असणार.

‘‘चाकांना काय घातलंत?’’

‘‘शिलाई मशीनचं तेल,’’ रोझलीन नाक पुसत म्हणाली.

ह्यांनी डबा रुळावर ठेवून बोटाने ढकलला. तो स्टेशन ओलांडून पार मेंढ्यांपर्यंत गेला. आमच्या घरी तो कधी वीतभर सरकला नव्हता.

‘‘सॅमी, पांढरा रंग आण. आणि बारीक ब्रश.’’

सॅमी धावला. हे रोझलीनला समजावू लागले, अगदी शिकाऊ माणसाला समजावतात तसं. ‘‘डबा वर्कशॉपला गेला की तिथे त्याला धुतात, दुरुस्त करतात, नवा रंग देतात. मग वर्कशॉपचं नाव डब्यावर लिहितात, आणि डबा परत त्यांच्याकडे कधी आणायचा ती तारीख. ती तारीख नसेल तर मी गाडी सोडत नसे.’’

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि निळ्या डब्यावर, पिवळ्या पट्ट्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात ‘पाचूबंदर’ लिहिलं. मग ब्रश तसाच धरून विचारलं, ‘‘आता तारीख. तुम्हाला कधी सोयीचं आहे?’’

‘‘डबे परत द्यायला?’’ रोझलीन म्हणाली. ‘‘सन झाला की लगेच देते, भाऊ.’’

‘‘डबे राहू देत इथेच. पोरीचं विचारतोय. आम्ही परत कधी यायचं, वऱ्हाड घेऊन?’’

अश्लेषा तोंडावर हात घेऊन रडत होती, आणि मी तिला गप्प करायचं सोडून स्वतःच रडत होते.

रोझलीनने पदराने डोळे पुसले आणि एकदम व्यवहाराला लागली. ‘‘उपासकाळात नको. ईस्टर झाल्यावर. पावसाच्या आधी, म्हंजे मे महिन्यात. पन दिवस फादरला विचारूनच सांगीन.’’

ह्यांनी ‘मे’ लिहिलं, फुंकर घालून वाळवलं आणि डबा तिच्या हातात दिला.

‘‘विचारा,’’ ते म्हणाले. ‘‘पुढे आकड्याला जागा सोडली आहे.’’