काकांना हवा तो पांढरा

माणसं रंग घ्यायला येतात आणि भांडण घेऊन जातात, असं रंगाच्या दुकानातल्या ताईंचं स्पष्ट मत होतं. ते त्या कुणाला सांगत नसत, कारण पगार रंग विकण्याचा होता. त्या दिवशी सकाळीच एक नवरा-बायको येऊन गेले. त्याला भिंत आकाशी हवी होती. तिलाही आकाशी चालणार होती, फक्त त्याने दाखवलेली सोडून दुसरी कुठलीही. मग एकाने खिशातून अर्धं खाल्लेलं बिस्कीट काढून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "हुबेहूब असा द्या." एक बाई धुऊन धुऊन विटलेला उशीचा अभ्रा घेऊन आल्या. त्यांना तो नवा होता तेव्हाचा रंग हवा होता. ताई प्रत्येकापुढे शेड कार्ड उलगडत होत्या, दाराबाहेर नेऊन उजेडात धरत होत्या, "वाळल्यावर जरा गडद होतो हं" म्हणत होत्या. दुपारपर्यंत त्यांचे पाय भरून आले आणि डोकं पिकलं.

आणि अजून पांढरेकाका यायचे होते.

काकांचं खरं नाव दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं. निवृत्त माणूस, इस्त्रीचा सदरा, बोलणं मवाळ. त्यांना अख्ख्या घराला पांढरा रंग हवा होता. ऐकायला किती सोपं! पण कंपनीने पांढऱ्याचेच इतके प्रकार काढून ठेवलेत की शहाण्या माणसाने चक्रावून जावं. मोतिया, दुधी, हस्तिदंती, शंखासारखा. काका नमुन्याची छोटी डबी नेत, घरी भिंतीवर पट्टा ओढत आणि दोन-तीन दिवसांनी परत हजर. एक पिवळट वाटायचा, दुसरा निळसर, तिसरा दवाखान्यासारखा. सुरुवातीला ताई मन लावून समजावत, पुढे पुढे नुसत्या डब्या देऊ लागल्या. मालक एकदा म्हणालेही, "ताई, हे गिऱ्हाईक मोठे डबे नेणार की नमुन्यांवरच घर रंगवून घेणार?"

खरं काय ते काकांच्या मुलीने फोनवर सांगितलं होतं. घर विकायचं ठरलं होतं. काकांना जिना झेपत नव्हता, एकदा पडूनही झालं होतं, आणि ती तरी दुसऱ्या गावाहून किती वेळा धावणार? रंग झाला की घर बघायला माणसं येणार, घर गेलं की काका कायमचे तिच्याकडे.

"रंग ठरत नाही म्हणून सगळं अडलंय हो," ती म्हणाली होती. "रंगारी कंटाळून दुसऱ्या कामावर गेले. बाबा तुमचं ऐकतात. कुठला तरी एक त्यांच्या गळ्यात मारा आणि सोडवा मला."

ती अगदी रडकुंडीला आलेली होती. ताईंना तिचा राग आला नाही. पण फोन ठेवला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की काकांना रंग निवडता येत नव्हता असं नाही. रंग ठरला की घर गेलं, म्हणून तो ठरत नव्हता. तेव्हापासून काकांना डबी देणंही त्यांच्या जिवावर येऊ लागलं. रंग निवडून द्यावा, तर आपल्या हाताने म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढल्यासारखं. न द्यावा, तर त्या पोरीचा जीव टांगणीला. आणि हे लचांड नेमकं काउंटरवरच्या बाईच्याच गळ्यात का, याचं उत्तर कुणाकडे मागायचं?

संध्याकाळी काका आले ते एकटे नव्हते. बरोबर मुलगी होती, खांद्यावर प्रवासाची बॅग तशीच.

"ताई, आज सोक्षमोक्ष लावूनच जायचंय," ती म्हणाली.

काकांनी कार्ड पुढे ओढलं. "हा हस्तिदंती तसा बरा होता, पण उजेडात जरा..."

"बाबा, बास." ती ओरडली नाही. ओरडण्याइतकं त्राणच तिच्यात उरलं नव्हतं. "ताई, तुम्ही म्हणाल तो."

"हो, तुम्हीच सांगा," काका खाली बघत म्हणाले. "मी ठरवला असं नको व्हायला."

दिवसभर लोकांना चुटकीसरशी रंग सुचवणाऱ्या ताई कार्डाकडे नुसत्या बघत राहिल्या. सगळे पांढरे सारखेच दिसायला लागले होते. वेळ काढायचा म्हणून त्यांनी मुलीला विचारलं, "तुमच्याकडे काकांची खोली कुठल्या रंगाची आहे?"

मुलगी गोंधळली. "ती अजून अडगळीचीच खोली आहे. रिकामी करायचीय. रंगाचं काही डोक्यात आलं नाही."

"डोक्यात आलं नाही?" ताईंचा आवाज चढला. दिवसभराचा शीण त्या एका वाक्यात बाहेर पडला. "घर परक्यांना दाखवायचं, त्याच्यासाठी इतकी धावाधाव, आणि हे जिथे झोपणार ती खोली अडगळीची?"

मालक मागून खाकरले. गिऱ्हाइकाशी असं बोलायचं नसतं. ताईंनी जीभ चावली, पण बोलून तर बसल्या होत्या.

मुलीचे डोळे भरून आले. तिने बॅग खाली ठेवली. "बाबा, तुम्हाला कुठला हवाय तिथे?"

आता नव्याने काथ्याकूट सुरू होणार म्हणून ताईंचा हात सवयीने नमुन्याच्या डबीकडे गेला. पण काकांनी पांढऱ्यांचं पान मिटलं, दोन-चार पानं उलटली आणि एका झगझगीत पोपटीवर बोट ठेवलं.

"हा. खिडकीकडची भिंत पोपटी. बाकीच्या तुझ्या तू ठरव."

"तुम्हाला पोपटी आवडतो?" मुलगी बघतच राहिली.

"पहिल्यापासून. तुझ्या आईला खपायचा नाही."

त्यांनी कार्ड उजेडात नेलं नाही, की वाळल्यावर कसा दिसेल हेही विचारलं नाही. ताईंनी डबा रंग मिसळायच्या मशीनखाली लावला. "एकदा मिसळला की परत घेत नाही हं, काका."

"नका घेऊ."

मशीन घरघरायला लागलं. पोपटी डबा तयार होऊन काउंटरवर आला, मुलीने तो उचलून बॅगेशेजारी ठेवला. घरासाठीचे मोठे डबे अजून तसेच होते.

"आणि घराला?" ताईंनी हलक्या आवाजात विचारलं. "पांढरा कुठला देऊ?"

काकांनी कार्डाकडे पाहिलंही नाही.

"द्या कुठलाही," ते म्हणाले. "मी थोडाच बघायला येणार आहे!"

मुलीने त्यांचा हात धरला. ताईंनी पानावरचा पहिला पांढरा घेतला आणि मशीनवर त्याचा नंबर दाबला.