रिकाम्या प्रोग्रामवरचा आळ

ते पत्र येऊन एकोणीस दिवस झाले होते आणि कार्डकाकांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र त्यांनी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात घडी करून ठेवलं होतं, आणि तेव्हापासून त्यांना त्या खंडातला एकही शब्द अडला नव्हता.

पत्र वाचनालयाच्या नव्या ग्रंथपालबाईंचं होतं. काका आधी त्याच खुर्चीत बसत. चाळीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहिली म्हणून त्यांना हे नाव पडलं. निवृत्तीनंतर ते घरी बसून प्रोग्राम लिहायला शिकले, आणि वाचकाला नाव अर्धवट आठवत असलं तरी पुस्तक शोधून देणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी वाचनालयाला करून दिला. दोन वर्षं तो बिनबोभाट चालला. मग वाचनालयाने नवा अँटीव्हायरस बसवला. त्याने पहिल्याच सकाळी लाल चौकट दाखवून प्रोग्राम उचलला आणि कोठडीत टाकला.

'काका,' बाईंनी लिहिलं होतं, 'तुमचे ई-मेलही तो अडवतो, म्हणून हाताने लिहिते. समितीतले लोक म्हणतात, म्हाताऱ्याने व्हायरस आणून घातला. मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय, आता ठपका माझ्यावर येतोय. पुढल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी बैठक आहे. प्रोग्राममध्ये वाईट काही नाही, एवढं एकच वाक्य सहीनिशी पाठवा.'

तेच एक वाक्य काकांना लिहवेना. आपल्या हातून खरंच काही झालं असलं तर? एकदा एका कादंबरीचं कार्ड त्यांनी बागकामाच्या खणात लावलं होतं, ते अकरा वर्षांनी सापडलं. अशा माणसाने छातीठोकपणे काय सांगावं?

म्हणून त्यांनी तोच अँटीव्हायरस घरच्या संगणकावर बसवून घेतला आणि प्रोग्रामची एक प्रत काढून तिच्यातली अपराधी ओळ शोधायला बसले. रोज सकाळी थोड्या ओळी काढायच्या, उरलेल्या कंपाइल करायच्या, म्हणजे त्यांचा चालता प्रोग्राम बनवायचा, आणि वाट पाहायची. रोज लाल चौकट. रोज तेच: धोका सापडला, फाइल हटवली.

"अहो, चहा तिसऱ्यांदा गरम केलाय," बायको दारातून म्हणाली. "आता काढा म्हणूनच प्या."

"अगं, आज चाळीस ओळी काढल्या."

"खडे वेचता वेचता तांदूळच फेकायला लागलात की काय?"

खरं तर तांदूळ संपतच आले होते. बैठकीच्या आधीच्या बुधवारी फक्त तीन ओळी उरल्या. सुरू हो, काही करू नकोस, थांब. एवढंच. त्यांनी कंपाइल केलं.

लाल चौकट. या वेळी 'गंभीर धोका'.

ज्या माणसाने चाळीस वर्षं "हळू बोला"सुद्धा हळूच म्हटलं, तो खुर्ची मागे लोटून ओरडला, "अरे, यात आहे काय हटवायला?"

मग त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

"सर, ही फाइल तुम्ही कुठून घेतली?" पलीकडून एक मुलगी म्हणाली.

"घेतली नाही. मी केली."

"म्हणजे अनोळखी स्रोत."

"मी माझ्या चांगल्या ओळखीचा आहे!"

"तसं नाही, सर. तिच्यावर कुठल्या कंपनीची सही नाही, आणि जगात ती आणखी कुणाकडेच नाही. म्हणून संशय."

"बाई गं, आत्ता दहा मिनिटांपूर्वी जन्मली ती. ओळखपत्र नाही म्हणून तान्ह्या बाळाला तुरुंगात टाकता?"

"अर्ज भरा, सर. चौदा दिवसांत..."

त्यांनी फोन आपटला. "चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि वर संन्याशानेच अर्ज करायचा!"

"त्यांचं जाऊ द्या," बायको शांतपणे म्हणाली. "ते साप साप म्हणून भुई धोपटताहेत. पण वाचनालयातल्या त्या पोरीने तुमच्यासाठी शब्द टाकला. तुम्ही गप्प बसलात, त्याचा अर्थ लोक काय लावत असतील?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली. संताप तोच होता, पण आता त्याने तोंड त्यांच्याकडेच वळवलं होतं. प्रत्येक ओळ आपण लिहिली, चार चार वेळा वाचली. तरी आतून कधी न पाहिलेल्या एका यंत्रावर आपण विश्वास ठेवला आणि स्वतःच्या हातावर नाही. भुई धोपटायला काठी आपणच पुरवली.

त्यांनी मूळ प्रोग्राम कागदावर छापला. चारशे बारा ओळी. प्रत्येक पानावर सही केली आणि कच्चा मसुदा न करता थेट पत्र लिहिलं.

'बाई, या प्रोग्राममध्ये वाईट काही नाही. सगळ्या ओळी सोबत आहेत; ज्याला संशय असेल त्याने वाचाव्यात. वाचायचा कंटाळा असेल तर त्याने वाचनालयाच्या समितीत बसू नये. शेवटच्या पानावर तीन ओळींचा प्रोग्राम आहे. तो काहीच करत नाही. बैठकीत सर्वांसमोर कंपाइल करा. तुमचा पहारेकरी त्यालाही गुन्हेगार ठरवेल. उत्तराला एकोणीस दिवस लावले, हा गुन्हा मात्र माझा. त्याची शिक्षा तुम्हाला नको, मला द्या.'

पोस्टात जाऊन त्यांनी जाड पाकीट खिडकीतून आत सरकवलं. "शुक्रवारपर्यंत पोचायला हवं."

कारकुनाने ते वजनाला ठेवलं आणि मान वर न करता सवयीने विचारलं, "आत धोकादायक काही नाही ना?"

"नाही!" काका इतक्या मोठ्याने म्हणाले की मागची सगळी रांग त्यांच्याकडे बघायला लागली.

कारकून दचकला. त्याने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.