कडेवरचा मान

निकानोरा बेलीझला निघाली तेव्हा तिच्या पिशवीत कपड्यांचा एकच जोड होता, बाकी सगळं खाणं. मक्याच्या भाकऱ्या, भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणि कापडात गुंडाळलेली नऊ उकडलेली अंडी. बेलीझ म्हणजे हातभर देश, पण तिथली महागाई विचारू नका. तिथलेच लोक कांदे-कोबी घ्यायला सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या चेतुमालच्या बाजारात येतात, मग आपण तिकडे जाऊन काय विकत घेणार, कपाळ? येण्याजाण्याच्या भाड्यासाठीच तिनं नवऱ्याशी तीन दिवस भांडून सणासाठी पोसलेली टर्की विकली होती. नवरा बेर्नाबे म्हणाला होता, "जाऊन तरी काय करणार आहेस? फोनवर बघ पोरीला." त्यावर तिनं जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

थेट बस महाग, म्हणून मेक्सिकोच्या बाजूला उतरून तिनं सीमेवरचा पूल पायीच पार केला. मेचे दिवस. ऊन असं की डोक्यावरचा रुमालसुद्धा तापला. पलीकडच्या चौकीतल्या अधिकाऱ्यानं पिशवी उघडली.

"हे काय, मावशी?"

"अंडी."

"कच्ची असतील तर ठेवून जावी लागतील."

"उकडलेली आहेत साहेब. फोडून दाखवू? पण मग नववं तुम्हाला आणून द्यावं लागेल. माझ्या भाचीचं हेत्समेक आहे. मी तिची धर्माची आई."

अधिकारी हसला. तोही माया जमातीचाच, त्याला वेगळं काय सांगायचं? मूल तीन महिन्यांचं होईपर्यंत त्याला आडवंच धरतात, कडेवर पाय फाकवून बसवत नाहीत. तीन महिने मुलीचे, कारण चुलीचे दगड तीन. मग आईबाप एका बाईला मान देतात. ती बाई पोरीला पहिल्यांदा कडेवर घेते, टेबलाभोवती नऊ फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीला पोरीच्या मुठीत एकेक वस्तू देते; उकडलेली अंडीही नऊच लागतात, पोरीची बुद्धी उघडावी म्हणून. त्या बाईचे गुण पोरीत उतरतात. जन्मभर ती पोरीची दुसरी आई, आणि पोरीची आई तिला कोमाद्रे म्हणते. हे नातं मेल्यावरही सुटत नाही.

"जा, मावशी. पोरीला चांगली बळकट करा," अधिकारी म्हणाला.

निकानोरा ताठ मानेनं बाहेर पडली. धाकट्या बहिणीची, डेसीची पोर म्हणजे तिचीच पोर होती. आई गेली तेव्हा डेसी सहा वर्षांची, ही वीस वर्षांची. आपल्या पोटी काही टिकलं नाही, तीन मातीत ठेवली, पण डेसीला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं. डेसी अजूनही तिला "कीक" म्हणायची, म्हणजे थोरली बहीण, पण म्हणायची आईला हाक मारावी तशी. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "कीक, रविवारी शेरलिनचं हेत्समेक आहे. तू ये." धर्माची आई कोण, हे विचारायची गरजच काय होती?

प्रवाशांसाठी धावणाऱ्या शाळेच्या जुन्या बसमध्ये पोरांसाठी बनवलेल्या सीटवर गुडघे दुमडून बसत ती कोरोझालजवळच्या गावात पोचली. तो शुक्रवार. घर बघून ती दारातच थबकली. सिमेंटचं, गुलाबी रंगाचं, वर पाण्याची टाकी. आणि व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर एक बाई बसलेली, नखं रंगवलेली, केस सोनेरी केलेले.

"ही ग्लेंडा," डेसी घाईघाईनं म्हणाली. "माझी जाऊ, एल्मरच्या थोरल्या भावाची बायको. लॉस एंजेलिसहून आलीये."

"अय्या, मेक्सिकोवाल्या ताई!" ग्लेंडा उठलीही नाही. "बसनं आलात? या उन्हात? मला तर बाई गाडीतसुद्धा चक्कर येते."

स्वयंपाकघरात गेल्यावर डेसीनं खाली मान घालून सांगितलं. हे घर थोरल्या दिरानं पाठवलेल्या पैशातून उभं राहिलं. ग्लेंडा पाच वर्षांनी आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, हेत्समेक मी करणार. एल्मर हो म्हणून बसला.

"मग तू काय केलंस? तुझ्या तोंडात जीभ नव्हती?"

"कीक, मी काय बोलणार होते? ज्या भिंतीआड झोपते ती भिंत त्यांची."

"म्हणून पोर द्यायची?"

डेसीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि निकानोरानं अंड्यांचं गाठोडं टेबलावर आपटलं. दोन-चार चिरली. चिरू देत. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्या बाईनं कधी पोराचा लंगोट तरी बदलला असेल का? आणि तिचे गुण म्हणे उतरणार शेरलिनमध्ये! कुठले गुण? नखं रंगवायचे?

रात्री जेवायला नारळाच्या दुधातला राजमा-भात आणि कोंबडी होती. ग्लेंडानं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. निकानोरानं तिसऱ्यांदा वाढून घेतलं. फुकटचं होतं म्हणून नाही, त्या बाईच्या नाकावर टिच्चून.

"खा, खा," ग्लेंडा गोड हसत म्हणाली. "तिकडे खेड्यात कुठे एवढं मिळतं!"

"मिळतं की," निकानोरा म्हणाली. "आम्ही फक्त ताटात टाकून उठत नाही."

एल्मरला ठसका लागला. डेसी भात ढवळत राहिली.

शनिवारी ग्लेंडा केस करायला कोरोझालला निघाली, एल्मर गाडी घेऊन सोबत गेला. डेसीही उठली. "कीक, मीही बाजारात जाऊन येते. पोरीला दूध पाजलंय, बाटलीतही काढून ठेवलंय. मला उशीर होईल. संध्याकाळ होईल बघ." दारापर्यंत जाऊन ती परत फिरली, पोरीकडे बघितलं, निकानोराकडे बघितलं. "घरात कुणी येणार नाही," म्हणाली आणि गेली.

आता घरात फक्त निकानोरा आणि टांगलेल्या जाळीच्या हॅमॉकमध्ये शेरलिन.

पोर जागी होती. डोळे थेट डेसीचे. निकानोरानं तिला उचललं, आडवं धरलं. टेबलावर उद्याची मांडणी अर्धी झाली होती, सुई-दोरा, कात्री, वही, पेन्सिल. अंडीही होतीच. नऊ फेऱ्यांना कितीसा वेळ लागतो? उद्या ती सोनेरी केसांची बाई मिरवेल, सगळे टाळ्या वाजवतील, पण खरी पहिली मी असेन. तिला मिळेल ते उष्टं. या विचारानं निकानोराला इतकं बरं वाटलं की ती एकटीच हसली.

तिनं पोरीला उभं केलं. डावी कड पुढे काढली. पोरीचे दोन्ही पाय तिनं हातानं अलगद फाकवले, टाचा तिच्या कमरेला लागल्याच होत्या.

आणि मग तिच्या मनात आलं, डेसी आपल्यावर विश्वास टाकून गेली आहे. पोटची पोर एकटी आपल्याजवळ सोडून. आणि आपण तिच्या घरात, तिच्या पाठीमागे चोरी करायची? उद्या पोरीला काही झालं, पाय वाकडे पडले, बोलायला उशीर झाला, तर? चोरून केलेलं तिच्या अंगी लागेल का? जळणारी आपण, आणि भोगायचं या जिवानं?

तिनं पोरीला पुन्हा आडवं केलं, हॅमॉकमध्ये ठेवलं आणि झोका देत राहिली. रडली ती, चांगली मोठ्यानं रडली, घरात कुणी नव्हतंच. पोर टकामका बघत होती. डेसी खरंच संध्याकाळी आली, आणि गंमत म्हणजे बाजारातून नुसती रिकामी पिशवी घेऊन आली. निकानोराचं तिकडे लक्षही गेलं नाही.

रविवारी गाव जमलं. ग्लेंडानं पोरीला कडेवर घेतलं ते असं, जणू भिजलेलं मांजर धरलंय. आधी उजव्या कडेवर. एका म्हातारीनं सांगितलं तेव्हा डावीकडे. टेबलावर तिनं आपला मोबाइलही ठेवला होता, पोर अमेरिकेत शिकेल म्हणून! फेऱ्या सुरू झाल्या. सुई दिली, कात्री दिली, मध्येच थांबून फोटो काढून घेतला. निकानोरा भिंतीला टेकून एकेक फेरी मनात मोजत होती. पोर रडावी, जोरात रडावी, त्या बाईच्या अंगावर ओकावी, असं तिला फार वाटत होतं. पण शेरलिन खुदकन हसली. ग्लेंडाकडे बघून हसली. तेवढं मात्र निकानोराला बघवलं नाही.

"झालं!" ग्लेंडानं पोरीला डेसीकडे दिलं. टाळ्या सुरू झाल्या.

"आठच झाल्या," निकानोरा म्हणाली.

ग्लेंडा लाल झाली. "काहीतरीच. नऊ झाल्या."

"आठ. मी मोजल्यात. अर्धवट सोडू नका, पोरीच्या अंगाशी येईल. घ्या तिला परत."

ती म्हणाली आणि तिला स्वतःचाच राग आला. गप्प बसली असती तर त्या बाईचं हेत्समेक अपुरं राहिलं असतं. म्हातारीनं मान डोलावली, ग्लेंडानं नाक उडवत नववी फेरी मारली, आणि डेसीनं सगळ्यांसमोर ग्लेंडाला मिठी मारून म्हटलं, "कोमाद्रे." तो शब्द निकानोरानं स्वतःच्या कानांनी ऐकला.

सोमवारी सकाळी डेसी तिला सोडायला रस्त्यापर्यंत आली. पोर झोळीत आडवी झोपली होती. सीमेवर परतताना भरायच्या कराचे पैसे डेसीनं गुपचूप तिच्या हातात कोंबले. निकानोरानं ते परत केले, डेसीनं पुन्हा कोंबले. बसची धूळ दूरवर दिसू लागली.

"कीक," डेसी हळूच म्हणाली, "माझ्यावर रागावू नकोस. त्यांच्या तोंडावर मला नाही म्हणता आलं नाही. पण माझ्या पोरीला पहिल्यांदा कडेवर घेणार ती तूच, हे मी ती पोटात असतानाच ठरवलं होतं. शनिवारी मी बाजारात गेलेच नाही. संध्याकाळपर्यंत चर्चच्या मागे दगडावर बसून होते. म्हटलं, माझी कीक, तिला सांगावं कशाला लागेल?"

निकानोराच्या हातातली पिशवी खाली ठेवली गेली.

"घेतलंस ना?" डेसीनं तिचा दंड धरला. "काल ती बाई पोरीला घेऊन मिरवत होती ना, तेव्हा मी तेवढ्यावरच उभी होते. म्हटलं, मिरव. तू दुसरी आहेस. घेतलंस ना, कीक?"

बस येऊन थांबली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

"घेतलं गं," निकानोरा म्हणाली. "डाव्या कडेवर."

"नऊ फेऱ्या?"

"मोजून नऊ."

डेसीनं डोळे पुसले, हसली आणि झोळी सावरून तिच्या गळ्यात पडली. "जपून जा, कोमाद्रे," ती म्हणाली.