नत्थूजीची साक्ष

"जयवंताभाऊ, हे नत्थूजी म्हणजे हिंगणघाटच्या गाडीवर कंडक्टर होते, तेच काय?" नानाजींनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

"तेच!" मी ऐटीत म्हणालो.

नानाजींनी मोठ्यानं वाचलं, "'या संक्रांतीले पियुषनं मले बसमधी जागा देल्ली. सोन्यासारखं पोरगं. च्या घेऊन येजो.' अन् त्यायच्या तेरवीले मी दिवाळीच्या पयलेच बुंदी खाऊन गेलतो!"

मुलगी दिपालीला घेऊन नानाजी माझ्या सायबर कॅफेत मुलगा बघायला आले होते. माझा पुतण्या पियुष भिंतीच्या रंगाचा झाला.

देवळीच्या बसस्टँडसमोर आधी माझा एसटीडी बूथ होता. मग याहूवरचं चॅटिंग आलं, मग ऑर्कुट. अर्ध्या गावाची खाती मीच उघडली आणि सगळ्यांना एकच पासवर्ड ठोकला. सोयरीक जुळवायची तर लोक आधी ऑर्कुटवर मुलाबद्दल चार जणांनी काय चांगलं लिहिलंय ते बघायचे. पियुषला हिंगणघाटची दिपाली सांगून आली, तेव्हा ते चारही जण मीच झालो.

नत्थूजीनं माउसला जन्मात हात लावला नाही. खुर्चीत बसून हुकूम सोडायचा, "लिही रे जयवंता." निरोप कोणालाही असो, शेवटी "च्या घेऊन येजो" पाहिजेच. तो गेला, तरी त्याच्या खात्यावरून गावात कोणाचा वाढदिवस चुकला नाही. मी चुकू दिला नाही.

आता पियुषचं लग्न माझ्या जिभेवर होतं.

"नानाजी, वरून सगळं साफ दिसते," मी म्हणालो. "म्हणून तर त्यायची साक्ष पक्की."

नानाजींची मिशी थरथरली. राग की हसू, कळेना. दिपालीनं मात्र तोंडावर ओढणी धरली आणि पियुषला विचारलं, "तुमच्याबद्दल जित्या माणसानं काई लिहिलं काय?"

"नाई," पियुष पुटपुटला. "सगळं काकानंच लिहिलं. मी नको म्हणून राह्यलो होतो."

"बाबा, हे खरं बोलते," दिपाली म्हणाली. "अन् काका, ऑर्कुटवर आता राह्यलं कोण? आमचं सारं कॉलेज फेसबुकवर गेलं."

लग्न झालं. फोटो फेसबुकवरच लागले. बघता बघता अख्खी देवळी तिकडं राहायला गेली. खाती अर्थात मीच उघडली, पासवर्ड तोच. नत्थूजीचं तेवढं उघडलं नाही. मेलेल्या माणसाला किती घरं बदलायला लावायची?

एका दुपारी कॅफेत चिटपाखरू नव्हतं. ऑर्कुट उघडलं. तिथंही नव्हतं. नत्थूजीला निरोप टाकला, "पियुषच्या लग्नात बुंदी फर्मास होती. तू काऊन नाई आला बे?"

मग त्याच्या खात्यात शिरलो आणि उत्तर लिहिलं, "च्या घेऊन येजो."

उठलो, समोरच्या टपरीवर गेलो आणि दोन कप घेऊन आलो.